बुरशीजन्य रोगांविरुद्ध उपयुक्त जिवाणू : नाशिकच्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपयुक्त जिवाणू बुरशीला नेमके कसे रोखतात?

चांगल्या जमिनीतील एका ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतले काही, मुख्यतः बॅसिलस व सुडोमोनास या कुळांतले, पिकाच्या मुळांभोवती व पानांवर राहून बुरशीशी स्पर्धा करतात. शेतात वापरण्यासाठी विकले जाणारे बहुतेक जिवाणू याच दोन कुळांतले असून बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स आणि सुडोमोनास फ्लुरोसन्स ही नावे पुड्यांवर सर्वाधिक आढळतात.

त्यांचे काम एका मार्गाने चालत नाही. बॅसिलस हा सरफॅक्टिन, इट्युरिन आणि फेंगायसिन नावाचे साबणासारखे गुणधर्म असलेले पदार्थ स्रवतो व ते बुरशीच्या पेशीचे पातळ आवरण सच्छिद्र करतात. सुडोमोनास मातीतले लोह बांधून ठेवणारे पदार्थ तयार करतो, त्यामुळे रोगकारक बुरशीला लोहाची चणचण भासते. याशिवाय मुळांवर यांची वस्ती झाली की झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा आधीच सावध होते आणि पुढे पानावर बुरशी उतरली तर झाड लवकर प्रतिसाद देते. सर्वांत साधा आणि तरीही दुर्लक्षित मार्ग मात्र जागा अडवण्याचा आहे. मुळाच्या टोकाशी जेथे शर्करा झिरपते तेथे कोण आधी पोहोचतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. म्हणून या जिवाणूंना औषध समजण्याऐवजी रहिवासी समजावे. या लेखातील जवळजवळ प्रत्येक उत्तर त्या एका समजुतीतून निघते.

ट्रायकोडर्मा हाही जिवाणूच ना?

नाही. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे, जी इतर बुरशींवर जगते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक ट्रायकोडर्माला मारते, पण बॅसिलस किंवा सुडोमोनासला सहसा इजा करत नाही. उलट जिवाणूनाशक द्रव्ये बॅसिलसला मारतात आणि ट्रायकोडर्मा त्यातून सुटतो. दुकानातून दोन्ही एकाच पिशवीत आणले जातात म्हणून दोन्हींचे पथ्य एकच आहे असे धरून चालू नये.

केवडा, भुरी, करपा, मर यांपैकी कोणत्या रोगांवर त्यांचा भरवसा धरता येतो?

सगळ्यांवर सारखा धरता येत नाही. मातीतून येणारे रोग, म्हणजे रोपवाटिकेतली रोपांची मर, टोमॅटोची फ्युजारियममुळे होणारी मर आणि कांद्याची मुळाजवळची कूज, हे या जिवाणूंचे सर्वांत चांगले क्षेत्र आहे, कारण तेथे त्यांना ओलावा, सावली आणि मुळांतून मिळणारे अन्न असते. पानावर परिस्थिती वेगळी असते. ऊन, वारा, कोरडेपणा आणि दर चार दिवसांनी होणारी दुसरी एखादी फवारणी यांत त्यांना टिकाव धरावा लागतो.

भुरीची, म्हणजे द्राक्षावर पांढरट भुकटीसारख्या दिसणाऱ्या रोगाची, बुरशी बहुतांश पानाच्या आणि मण्याच्या पृष्ठभागावरच वाढते, त्यामुळे बॅसिलसचे स्राव तिच्यापर्यंत पोहोचतात आणि सुरुवातीच्या काळात बरा परिणाम दिसतो. केवड्याचे तसे नाही. ज्याला आपण डाउनी म्हणतो तो प्लास्मोपारा व्हिटिकोला हा जीव काटेकोरपणे पाहता बुरशीच नव्हे. तो पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंच्या गटातला असून त्याच्या पेशीभित्तिकेत बुरशीसारखे कायटिन नसते, सेल्युलोज असते. टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा हाही त्याच गटातला. कायटिन विरघळवणाऱ्या विकरांच्या जोरावर ज्या जिवाणूची जाहिरात केली जाते, त्याचा हा विशिष्ट गुण केवड्यावर निरुपयोगी ठरतो. इतर मार्ग काम करतात, पण केवडा पानाच्या आत शिरून वाढत असल्याने वेळ चुकली की जिवाणूच्या हाती काही राहत नाही.

रोग दिसल्यावर फवारले तर चालेल का?

चालणार नाही. पानाच्या खालच्या बाजूस पांढरी लव दिसू लागली, म्हणजे आत शिरकाव होऊन काही दिवस उलटलेले असतात. त्या वेळी जिवाणूंची फवारणी करणे म्हणजे चोरी झाल्यावर राखणदार नेमणे होय. रोग आलेला असेल तर शिफारस केलेले रासायनिक बुरशीनाशक योग्य मात्रेत वापरावे व जिवाणूंचा विचार पुढच्या फुटीसाठी करावा. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही, कारण जैविक निविष्ठांचे सर्वाधिक नुकसान त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांनीच केलेले आहे.

द्राक्षबागेच्या वेळापत्रकात त्यांची जागा कोठे?

निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, तर बागलाणातल्या आगाप बागा त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच छाटल्या जातात. दोन्हीकडे धोक्याचा काळ सारखाच असतो. छाटणीनंतर पोंगा, म्हणजे नवा कोंब, फुटल्यापासून मणी धरेपर्यंतचे पाच-सहा आठवडे केवड्याचे असतात. द्राक्ष उत्पादक देशांत पहिल्या प्रादुर्भावासाठी ढोबळ आडाखा असा वापरतात की नवी फूट १० सेंटीमीटरची झालेली असावी, २४ तासांत १० मिलिमीटर पाऊस पडलेला असावा आणि तापमान १० अंशांच्या वर असावे. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये तापमानाची अट कायमच पुरी झालेली असते, त्यामुळे खरा प्रश्न पावसाचा उरतो.

या काळात परतीचा पाऊस लांबला तर केवळ जिवाणूंवर बाग सोपवू नये. २०१९ साली ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात सलग झालेल्या पावसाने जिल्ह्यातल्या बागांचे जे झाले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावे लागत नाही. जिवाणूंचा खरा उपयोग या काळाच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. अलीकडे, म्हणजे काढणी झाल्यावर होणाऱ्या खरड छाटणीनंतर एप्रिलपासून आणि पुन्हा फळछाटणीच्या आधी, ठिबकमधून किंवा आळवणीने, म्हणजे मुळांशी द्रावण ओतून, तेथे वस्ती करून द्यावी. पलीकडे, म्हणजे मणी धरल्यानंतर काढणीपर्यंत, जेव्हा रासायनिक फवारण्यांच्या काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीमुळे हात बांधले जातात आणि भुरीचे दिवस सुरू होतात, तेव्हा बॅसिलसच्या फवारण्या दर सात ते दहा दिवसांनी घेता येतात.

याला एक व्यावहारिक कारणही जोडलेले आहे. स्ट्रोबिल्युरीन गटातील बुरशीनाशकांना दाद न देणारा केवडा महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत आढळलेला आहे. एकाच जागी घाव घालणाऱ्या रसायनाला बुरशी लवकर सरावते, पण चार मार्गांनी काम करणाऱ्या जिवाणूला सरावणे तिला जड जाते. रासायनिक फवारण्यांची संख्या दोन-तीननेही कमी झाली, तरी उरलेल्या फवारण्यांचा प्रभाव अधिक वर्षे टिकण्यास मदत होते.

निफाडच्या थंडीत ते काम करतात का?

मंदपणे करतात. निफाड परिसरात जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली जातो. बॅसिलस २५ ते ३५ अंशांत जोमाने वाढतो, सुडोमोनास त्याहून थोड्या कमी तापमानात, साधारण २५ ते ३० अंशांत. कडाक्याच्या थंडीत सूर्यास्तानंतर फवारण्याऐवजी दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास, ऊन उतरू लागल्यावर फवारावे, म्हणजे रात्रीच्या गारठ्यापूर्वी जिवाणूंना काही तास मिळतात. इतर ऋतूंत मात्र संध्याकाळच योग्य, कारण उन्हातील अतिनील किरणे त्यांना मारक असतात.

बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड यांच्याबरोबर मिसळून फवारता येईल का?

मुळीच नाही, आणि हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बोर्डो मिश्रण मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुन्याचे असते. १८८५ मध्ये फ्रान्समधील मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवड्यासाठीच ते पुढे आणले आणि आजही त्याचा आधार सुटलेला नाही. परंतु तांबे बुरशी आणि जिवाणू यांच्यात भेदभाव करत नाही. सुडोमोनासला ते लगेच मारते. बॅसिलसचा सुप्त बीजाणू तग धरतो, पण तांब्याचा थर असलेल्या पानावर तो रुजत नाही, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतःच्या बागेत केलेली आहे. टाकीत मिसळण्याचा मोह टाळला होता, बोर्डो देऊन चार दिवस झाले होते आणि बॅसिलस वेगळा फवारला होता. चूक ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, टाकीत होती. तिच्या तळाशी, गाळणीच्या जाळीखाली, निळसर गाळाचा बोटभर थर साचलेला होता. टाकी दोनदा पाण्याने हिसळली म्हणजे स्वच्छ झाली, असे गृहीत धरले होते. त्या थराला स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तेव्हा तो साबणाच्या वडीसारखा तुकड्या-तुकड्याने निघाला. जिवाणूंसाठी तेव्हापासून २०० लिटरचा वेगळा ड्रम आणि वेगळी गाळणी ठेवली आहे. ज्यांना वेगळा ब्लोअर परवडणार नाही, आणि तो बहुतेकांना परवडणार नाही, त्यांनी निदान टाकी, नळ्या आणि नोझल खरवडून धुवावेत आणि तांब्याच्या फवारणीनंतर किमान आठवडाभर थांबावे. पानांवर निळा थर स्पष्ट दिसत असेल तर त्याहूनही अधिक थांबावे व नव्या फुटीवरच भर द्यावा.

मॅन्कोझेबसारख्या अनेक ठिकाणी घाव घालणाऱ्या स्पर्शजन्य बुरशीनाशकांशीही मिसळणे टाळावे. पाण्यात विरघळणारे गंधक बॅसिलस बऱ्यापैकी सहन करतो, तरीही लेबलवर तशी परवानगी असेल तरच मिसळावे. ब्रोनोपॉलसारखी जिवाणूनाशके किंवा प्रतिजैविके यांचा तर हेतूच जिवाणू मारणे हा असतो. ती वापरून मग जिवाणू सोडणे म्हणजे स्वतःचेच पैसे दोनदा वाया घालवणे होय. ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी आम्ल, क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड सोडले असेल, तर आधी भरपूर साधे पाणी सोडून दोन-तीन दिवसांनी जिवाणू द्यावेत. नगरपालिकेच्या नळाचे पाणी वापरायचे असल्यास ते उघड्या ड्रममध्ये रात्रभर ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बरेचसे उडून जाते.

कांद्याच्या रोपवाटिकेत कसे वापरावे?

खर्चाच्या मानाने सर्वाधिक फायदा कदाचित येथेच आहे. खरीप कांद्याची रोपे जून-जुलैच्या ओल्या हवेत गादीवाफ्यावर असताना एका रात्रीत पुंजक्या-पुंजक्याने आडवी होतात. देठ जमिनीलगत पाणचट होतो व रोप कलते. पिथियम, फ्युजारियम आणि रायझोक्टोनिया यांच्यापैकी कोणीही याला कारण असू शकते. वाफा तयार करताना सुडोमोनास किंवा बॅसिलसची भुकटी चांगल्या कुजलेल्या, सावलीत ठेवलेल्या, किंचित ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर झाकून ठेवावी आणि मग वाफ्यावर पसरावी. मोठ्या क्षेत्रासाठी प्रचलित प्रमाण एकरी साधारण १ किलो भुकटी असे आहे. बियाण्यास किलोला १० ग्रॅम या प्रमाणात चोळून सावलीत सुकवून लगेच पेरावे. थायरमसारख्या रसायनाची प्रक्रिया केलेले बियाणे असल्यास भुकटी बियाण्याला न चोळता मातीतच द्यावी. पुनर्लागणीच्या वेळी रोपांची मुळे जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लावल्यास ती नव्या मातीत जिवाणूंना बरोबर घेऊनच जातात.

ताज्या शेणात मिसळू नये, त्यातील उष्णता वाढून जिवाणू मरतात. वाफ्यात पाणी साचत असेल तर कोणताही जिवाणू रोपे वाचवू शकणार नाही, आधी चर काढावा.

पातीवरच्या जांभळ्या करप्यावर मात्र एवढा भरवसा ठेवू नये. कांद्याची पात उभी, गोल आणि मेणचट असते, फवारा तिच्यावरून ओघळतो. चिकटद्रव्य मिसळल्याने काही अंशी सुधारणा होते.

डाळिंबाची मर आणि तेल्या यांवर उपयोग होतो का?

तेल्या हा रोग मुळात जिवाणूजन्य आहे, बुरशीजन्य नाही, त्यामुळे तो या लेखाच्या कक्षेबाहेर आहे. मर रोगाला सेराटोसिस्टिस ही बुरशी प्रमुख कारण असते. सटाणा, मालेगाव, देवळा भागातील अनेक बागा तिच्यामुळे काढाव्या लागल्या. झाडाची एक फांदी पिवळी पडून सुकू लागली म्हणजे बुरशी खोडाच्या लाकडात शिरलेली असते आणि मुळांभोवतीचे जिवाणू तेथे पोहोचत नाहीत. असे झाड वाचवण्यात वेळ घालवू नये. शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या झाडांना आळवणी करणे, मर झालेल्या झाडाकडून निरोगी झाडाकडे पाट किंवा अवजारे न नेणे, आणि नवीन लागवडीत पहिल्या दिवसापासून खड्ड्यात जिवाणू देणे, एवढेच हाती आहे.

पुडा किंवा बाटली विकत घेताना काय पाहावे?

लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, जिवाणूचे पूर्ण नाव आणि वाण, प्रति ग्रॅम जिवंत जिवाणूंची संख्या, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख हे सर्व असले पाहिजे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली अशा उत्पादनांची नोंदणी आवश्यक आहे. केवळ ‘सेंद्रिय’, ‘निसर्गाची देणगी’ अशी वाक्ये व पानांचे चित्र असलेला पुडा परत करावा.

संख्येचा अर्थ एका हिशेबाने पाहू. प्रति ग्रॅम १० कोटी जिवंत जिवाणू असलेली भुकटी लिटरला ५ ग्रॅम टाकली, तर त्या पाण्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५ लाख जिवाणू येतात. आता तोच पुडा एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या गोदामात राहिला व त्यातील हजारात एकच जिवाणू जिवंत उरला, तर मिलिलिटरमध्ये ५०० येतात. पाण्याचा रंग तोच, वास तोच, फवारणी तितकीच दमवणारी, परंतु परिणाम शून्याच्या जवळ. पुडा पाहून हे कोणालाही ओळखता येत नाही, म्हणून तारीख आणि साठवण हीच आपली तपासणी.

यात बॅसिलस अधिक सोयीचा आहे. तो प्रतिकूल काळात कठीण कवचाचा सुप्त बीजाणू बनवतो. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७० च्या दशकात गवताच्या काढ्यावर प्रयोग करताना पाहिले की काढा उकळल्यानंतरही हे बीजाणू जिवंत राहतात. सुडोमोनासला असे कवच नसते. त्यामुळे सुडोमोनासची भुकटी ताजी, शक्यतो उत्पादनानंतर तीन-चार महिन्यांच्या आतली घ्यावी, आणि घरी माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावी. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नये.

गूळ आणि बेसन घालून ड्रममध्ये ते वाढवता येतात का?

वाढते काहीतरी निश्चित, पण ते आपण टाकलेलेच असते असे नाही. गुळाच्या पाण्यात हवेतले, पाण्यातले, ड्रमच्या भिंतीवरचे शेकडो प्रकारचे सूक्ष्मजीव एकाच वेळी वाढू लागतात. बॅसिलस आणि सुडोमोनास यांना वाढीसाठी प्राणवायू लागतो. ड्रम झाकून कोपऱ्यात ठेवला की दुसऱ्या दिवशी त्यात प्राणवायूविना जगणाऱ्यांचे राज्य सुरू होते, आणि झाकण उघडताच आंबट किंवा सडका वास येतो. असे द्रावण पानांवर फवारू नये, काढणीच्या जवळ तर नाहीच. जीवामृतासारखे मिश्रण मातीत देण्याचा उद्देश वेगळा असतो, त्याची येथे तुलना करत नाही. एका विशिष्ट रोगासाठी विशिष्ट वाण विकत घेतला असेल, तर तो आहे तसा, योग्य मात्रेत वापरणेच शहाणपणाचे. ज्या उत्पादकाने लेबलवर वाढवण्याची कृती दिलेली आहे, तेथे ती तंतोतंत पाळावी.

निर्यातीच्या द्राक्षात औषधांच्या उर्वरित अंशाचा प्रश्न येतो का?

युरोपकडे जाणाऱ्या द्राक्षांच्या नमुन्यांची तपासणी व नोंद अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या व्यवस्थेत २००६ पासून होते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे झालेली कोंडी नाशिकच्या निर्यातदारांच्या अजून स्मरणात आहे. नोंदणीकृत बॅसिलसच्या फवारणीने असा रासायनिक अंश राहत नाही. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात झालेल्या अभ्यासात तर बॅसिलस सबटिलिसच्या काही वाणांनी द्राक्षावरील कार्बेन्डाझिमचे विघटन जलद केल्याचे आढळले आहे. धोका दुसरीकडून येतो. जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनधिकृत उत्पादनात कोणी रासायनिक बुरशीनाशक मिसळले असेल तर ते तपासणीत तुमच्या नावावर निघते. एखाद्या ‘जैविक’ औषधाने दोन दिवसांत भुरी जळून गेलेली दिसली, तर आनंदित होण्याआधी शंका घ्यावी. बिल जपून ठेवावे.

माणसांना, जनावरांना काही अपाय?

नोंदणीकृत वाणांपासून सहसा नाही. तरी भुकटी बारीक असते, मिसळताना तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा. नोंद नसलेला, कोठून आणला ते ठाऊक नसलेला वाण वापरू नये, कारण याच कुळांत माणसाला आजारी पाडणारे सदस्यही आहेत.

आमच्या शेतात फरक पडला की नाही, हे कसे ओळखावे?

तुलनेसाठी काही झाडे सोडल्याशिवाय ओळखता येत नाही. संपूर्ण बागेत फवारले आणि भुरी कमी आली, तर ती जिवाणूमुळे कमी आली की हवामानामुळे, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. बागेच्या मधल्या भागातील दोन ओळी निवडाव्यात, कडेच्या नव्हेत, कारण कडेला वारा आणि धूळ जास्त असते. त्या ओळींना बाकी सर्व फवारण्या तशाच द्याव्यात, फक्त जिवाणूंची फवारणी वगळावी. ओळींच्या टोकाच्या खांबांना रंगीत सुतळी बांधावी, म्हणजे फवारणी करणारा गडी विसरणार नाही. दर आठवड्याला त्या ओळींतील आणि शेजारच्या ओळींतील प्रत्येकी २५ घड उलटून पाहावेत आणि भुरीचा एकही ठिपका असलेले घड किती, एवढीच संख्या वहीत लिहावी. पहिल्या हंगामात फरक नगण्य दिसला तर लगेच सोडून देऊ नये, पण दोन हंगामांच्या नोंदींत दोन्हीकडचे आकडे सारखेच येत असतील तर त्या उत्पादनावरचा खर्च थांबवावा व दुसरा वाण तपासून पाहावा.